पूर्ण दोन तास

आस्गरने बाळगाडीच्या जाळीचा सुटलेला कोपरा नीट अडकवला आणि श्वास रोखून थांबला. दुलई वर झाली, खाली आली. विलाड्स जागा झाला नव्हता.

चार वाजताच अंगणात काळोख पडला होता. सात महिन्यांचा विलाड्स रोज दुपारी इथेच, सायकलींच्या शेजारी, गार हवेत झोपायचा. वर घरात झोपायच्या खोलीचं दार बंद होतं. विलाड्सच्या आईने, मारेननेही डोळा मिटला असावा. आस्गरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती : 'विलाड्सला घेऊन जातोय. दोन तास. काळजी करू नकोस.'

दोन तास ही अट मारेनचीच होती. सोमवारी ती कामावर रुजू होणार आणि पुढचे चार महिने बाळ आस्गरच्या हवाली. पण बापाच्या ताब्यात विलाड्स वीस मिनिटांच्या वर कधी झोपला नव्हता. "एकदा दोन तास एकट्याने सांभाळून दाखव," ती म्हणाली होती, "नाहीतर मी सुट्टी वाढवून मागते. नवी जागा गेली तर गेली." त्या जागेची तिने तीन वर्षं वाट पाहिली होती.

आस्गरने फोन बंद केला. तो वाजला असता तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

टोव्हेचा बार दोन गल्ल्या सोडून होता. पूर्वी तिथे औषधांचं दुकान होतं. काचेच्या बरण्या आणि लाकडी खण तिने तसेच ठेवले होते, फक्त काउंटर नवा, तांब्याचा. बाहेर भिंतीशी आधीच दोन बाळगाड्या उभ्या होत्या. बाळं बाहेर, आईबाप आत मेणबत्तीशी. हिवाळ्यातल्या शुक्रवारी कोपनहेगनच्या या भागात रस्ताभर हेच दिसायचं. आस्गरने गाडी काचेला लावली आणि आतून तिच्या अगदी समोरचं टेबल धरलं.

"एकटाच?" टोव्हेने विचारलं.

"एकटा कसला? बाहेर बघ."

"अरे वा! आणि रडत नाहीये?"

"बारा मिनिटांत उठतोय बघ," पलीकडून फ्रोदे म्हणाला. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दोघं नऊ वर्षं शेजारी बसत होते. "मागच्या वेळी तुझं तोंड बघूनच त्याने भोकाड पसरलं होतं."

"दोन तास झोपणार आज."

"दोन तास झोपला तर या काउंटरवर चढून गाणं म्हणेन."

"तू गायलास की उठेलच तो," टोव्हे म्हणाली, आणि तिने आस्गरपुढे मसाल्याची गरम वाइन ठेवली.

दर दहा मिनिटांनी आस्गर बाहेर जाऊन घड्याळ लावून श्वास मोजत होता. अठ्ठावीस. सत्तावीस. पुन्हा अठ्ठावीस. आकडे इतके एकसारखे आले की त्याच्यातला प्रयोगशाळेतला माणूसही खूश झाला. एकदा फ्रोदेनेही जाळीला कान लावला.

"घुरघुरतोय रे."

"नाक चोंदलंय त्याचं."

पाच वाजेपर्यंत सगळ्या बारला बातमी लागली होती. टोव्हेने गाणी अगदी बारीक केली. कोपऱ्यात पहिल्यांदाच भेटलेलं एक जोडपं एकमेकांच्या कानाशी लागून बोलायला लागलं, आणि त्यांचं तर त्यामुळे फारच जमलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगे, "दार हळू लावा, त्याचा मुलगा झोपलाय."

सव्वापाचला गेर्दा आल्या. आस्गरच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत. दर शुक्रवारी एक ग्लास शेरी, तीही बसून, ही त्यांची रीत. आज त्या बसल्या नाहीत.

"माझा ॲडमिरल दिसला का कुणाला? दुपारी खिडकीतून गेला तो गेलाच."

"भूक लागली की येईल घरी," फ्रोदे म्हणाला.

"सात किलोचा बोका तो, त्याला कसली भूक लागतेय! थंडी मात्र सोसत नाही गुलामाला."

त्या पुन्हा बाहेर गेल्या, वाकून सायकलींखाली बघू लागल्या आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "ॲडमिरल! ए लबाडा!"

दुलई हलली.

आस्गर कोट न घालताच धावला. "गेर्दा, हळू! उठेल ना तो!" त्याने गाडी झुलवली, आईकडून ऐकलेलं काहीतरी गुणगुणला. दुलई एकदा कुशीवर वळली आणि पुन्हा संथ वर-खाली होऊ लागली.

"चुकले रे बाबा," गेर्दा पुटपुटल्या. मग त्याच्याकडे बघतच राहिल्या. "चांगला बाप झालास की तू."

आस्गरला थंडी वाजेनाशी झाली. "तुमचा ॲडमिरलही सापडेल," तो म्हणाला. "मी घरी जाताना अंगणात बघतो."

सव्वासहाला टोव्हेने घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन तास होऊन गेले होते. आवाज न करता सगळ्यांनी हात वर करून हवेत हलवले. फ्रोदे बूट काढून काउंटरवर चढला आणि त्याने वाढदिवसाचं गाणं कुजबुजत म्हटलं. दोन्ही कडवी, हातवाऱ्यांसकट. साऱ्या बारने कुजबुजतच साथ दिली. जोडप्यातली मुलगी हसू दाबता दाबता टेबलाखाली गेली.

घरी जाताना रस्त्यावर दहिवर पडलं होतं. फार मिरवायचं नाही, असं आस्गरने स्वतःला दोनदा बजावलं. अंगणाचं दार आतून उघडलं तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"दोन तास वीस मिनिटं!" तो दबक्या आवाजात म्हणाला. "एकदाही रडला नाही. गेर्दा ओरडल्या तरी मी परत झोपवला. सोमवारी तू निर्धास्त जा."

मारेन उंबऱ्यात उभी होती. एका हातात चिठ्ठी, आणि खांद्यावर विलाड्स, टक्क जागा, स्वतःची मूठ चोखत.

"जाईन की," ती म्हणाली. "पण हा तर दुपारपासून वर माझ्याजवळच झोपला होता. तू नेलं होतंस कुणाला?"

जाळीखालची दुलई बाजूला झाली, आणि सात किलोंनी मिशा फेंदारून जांभई दिली.