नखभर दही

गुरूच्या एका चंद्रावर मैलोन्‌मैल बर्फ आहे आणि त्याखाली समुद्र. त्या समुद्रात कुणी जिवंत आहे का, हे शोधणारं यंत्र पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत तयार होत होतं. त्याला उघड्या हाताचं बोटही लावायची मुभा नव्हती. नाहीतर आपलेच जंतू तिकडे जाऊन आपल्यालाच सापडायचे. नवीन आलेल्या प्रत्येकाला संपतराव फिटरच हे दटावून सांगत.

पहिली चाचणी लडाखमधल्या एका गोठलेल्या, आजवर निर्जीव मानलेल्या तळ्यात होती. पेटी बंद करायची वेळ आली तसा संपतरावांचा जीव गलबलून आला. प्रयोगशाळेतलं कुणीही परगावी निघालं की ते आपल्या डब्यातलं दही त्याच्या हातावर ठेवत. मग तीन वर्षं सांभाळलेलं हे पोर तसंच कसं पाठवायचं? आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी यंत्राच्या टोकाला नखभर दही लावलं.

पंधरा दिवसांनी बातमी आली. बर्फाखाली जीव सापडले होते. प्रयोगशाळेच्या प्रमुख निकिता मॅडम डोळे पुसत पेढे वाटत होत्या. या एका उत्तरापायी त्यांनी आयुष्याची दहा वर्षं घातली होती. संपतरावांनी पेढा तसाच हातात धरून त्यांना गाठलं.

"मॅडम, जरा बोलायचं होतं."

"आल्यावर बोलू, संपतराव. आत्ता दिल्लीला निघालेय. उद्या सगळ्या जगाला सांगायचंय."

 

दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला, "अहो, माझं दही राहिलंच की."