वाटेतली दप्तरं

चौथीच्या बाई फळ्यावर मुठीएवढी अक्षरं काढत. उत्तर द्यायला उठलेल्या मुलानं आधी स्वतःचं नाव सांगायचं आणि गृहपाठ दाखवायचा नाही, मोठ्यानं वाचायचा, असा त्यांचा दंडक होता. तपासणीला आलेले साहेब तासभर मागच्या बाकावर बसले आणि भलतेच खूश झाले.

"कमाल आहे, बाई! मागच्या मुलालाही फळा दिसतो, लाजरं मूलही बोलतं, आणि शिस्त तरी केवढी, वाटेत एक दप्तर नाही! प्रत्येक मुलाची गरज ओळखून शिकवताय तुम्ही. हा शेरा वाचून दाखवा वर्गाला आणि खाली सही करा."

कागद हातात आला आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभरात नजर इतकी गेली होती की कागदावर नुसतं धुकं होतं. घरात, शाळेत कुणालाच त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. आता हा वर्ग गेला, तर आपल्याकडे उरणार काय?

"बाई, मी वाचते ना! रोज आम्हीच तर वाचतो," म्हणत पहिल्या बाकावरची मुलगी पुढे आली. तिनं शेरा घडाघडा वाचला, बाईंचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं आणि ती त्यांच्या कानाशी लागली.

 

"इथे करा, बाई. आणि जाताना बिनधास्त चाला. दप्तरं आम्ही रोज तुमच्यासाठीच बाकाखाली ठेवतो."