बदललेली कवड्यांची माळ

"ही माळ माझी न्हाई, गुरुजी."

चांगुणाबाईंनी कवड्यांची माळ टेबलावर ठेवली. खरं तर आपटायची होती, पण देवीची वस्तू म्हणून हात आवरला.

रामलिंग गुरुजींनी तिसरीच्या वह्यांतून मान वर केली नाही.

चांगुणाबाई औशाच्या जुन्या आराधी. चाळीस वर्षं दर शुक्रवारी गळ्यात माळ, हातात परडी घेऊन जोगवा मागायला निघत. सोमवारी गुरुजी स्वतः दारात आले होते.

"पोरांनी समुद्र पाहिला नाही, मावशी. कवडी म्हणजे समुद्रातल्या इवल्याशा गोगलगायीचं घर. ती जाते, घर मागं राहतं. जरा हातात घेऊन बघू द्या त्यांना."

सासूची ती माळ बाईंनी कुणाच्या हाती दिली नव्हती. दोन वर्षांमागं यात्रेत एका दुकानदाराकडून नव्या दोऱ्यात ओवून घेतली तेवढीच. त्यानं कशी चकचकीत करून दिली होती! गुरुजींना मात्र त्यांनी लगेच दिली. आणि आज हे.

"माझी पांढरीफेक होती. सगळ्या कवड्या एका मापाच्या. गळ्यात हाय का न्हाई कळायचं न्हाई, इतकी हलकी. ही बघा, पिवळी पडलेली. एक बारकी, एक मोठी. वर हे लोढणं."

"आज हीच घाला, मावशी."

"नकली माळ घालून देवीपुढं उभी राहू?"

बाईंची जोडीदारीण रेणुका दारात परडी घेऊन उभी होती. "शिकलेली माणसं ती," ती म्हणाली. "देवीलाबी शिकवायलीत."

गुरुजींनी पुढची वही उघडली. तेच बाईंना जास्त झोंबलं.

"लेकरांना हेच शिकवता का? बदलाबदली? जोगव्याला जाईन त्या दारात सांगते, शाळेत लेकरू पाठवू नका म्हणून."

"सांगा. पण माळ घालून जा."

गुरुजींचा एक हात मघापासून ड्रॉवरवर होता. बाईंनी तो बाजूला सारला आणि ड्रॉवर ओढला. आत त्यांची माळ. पांढरीफेक.

"बघ रेणुके, सापडली का न्हाई?"

माळ उचलली, तर मधली एक कवडी काळी पडून ओघळली होती, शेजारणीला चिकटली होती.

"जाळली?" बाईंनी विचारलं.

"भिंगाखाली धरली होती. ऊन एका जागी पडलं," गुरुजी हळू म्हणाले. "पोरांना तेवढ्यात बाहेर पाठवलं. कुणी पाहिलं नाही."

बाईंनी माळ नाकाशी नेली. चुलीला टेकलेल्या प्लास्टिकच्या घागरीला येतो, तो वास. यात्रेतला तो दुकानदार त्यांना आठवला.

"काय झालं गं?" रेणुका आत यायला निघाली. बाईंनी माळ आत टाकून ड्रॉवर लोटला.

टेबलावरच्या पिवळ्या माळेकडे बघत त्यांनी विचारलं, "मग ही कुणाची, गुरुजी?"

"माझ्या आईची. तिच्या फोटोवर होती."