मागच्या सीटवरची शाल

लग्न लागलं आणि अश्लेषाला घेऊन मी जळोचीहून कळंबला निघालो, तर गाडीचा एसी लागेना. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि टक करून विझायचा.

रस्त्यावरच्या मेकॅनिकनं फ्यूज काढून पाहिला, रिले बदलला, गॅस तपासला. "सगळं ओके हाय," तो म्हणाला. "कुणीतरी आतनं बंद करतंय असंच वाटतंय बगा."

अश्लेषाला हसू फुटलं. "विनयाआत्या! तिला एसी सोसायचाच न्हाय. गाडीत बसली की आधी बटण बंद करायची."

तिची पाठराखीण म्हणून हीच आत्या सासरी यायची होती. पण ती दिवाळीत वारली, आणि तिच्या जागी दुसरं कुणी न्यायला अश्लेषा तयार झाली नाही.

"घे आत्या, पांघर," म्हणत तिनं आहेरातली शाल मागच्या रिकाम्या सीटवर पसरली. मी थट्टेनं बटण दाबलं. गार वारा सुटला. कळंबपर्यंत आम्ही हसत, गाणी म्हणत गेलो.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेला उतरवून घेतलं. मग गाडीचं मागचं दार उघडून तिनं हात आत घातला.

"या विहीणबाई, सावकाश उतरा," ती म्हणाली आणि माझ्यावर डाफरली, "शाल पांघरूनबी हात बर्फासारखा पडलाय यांचा. एसी बंद करायचं कळत न्हाय व्हय तुला?"