काळजाचा वाटा

मोटारसायकलला बांधलेला कापडी ससा तिसऱ्यांदा समोरून गेला आणि माझा लाखा पुन्हा जांभई देऊन बसला. कुत्र्यांच्या शर्यतीला जमलेलं गाव फिदीफिदी हसलं. महिनाभर दोरीनं असाच ससा ओढून माझे हात सोलून निघाले होते.

“नुसतं दिसायलाच शिकारी आहे की तुझं कुत्रं,” बऱ्याच दिवसांपासून माझ्या मागावर असलेला वनरक्षक म्हणाला.

“शिकार ठाऊकच नाही त्याला, साहेब,” मी म्हणालो. “भाकरी खातं आन् पडून राहतं.”

तेवढ्यात गोंगाटानं बिथरलेला खरा ससा तुरीतून बाहेर पळाला. साखळीला हिसका देऊन लाखा सुटला. घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, पण बांधाच्या अलीकडंच त्यानं ससा धरला.

सगळ्यांसमोर ऐटीत येऊन त्यानं तो माझ्या पायाशी ठेवला आणि शेपूट हलवत बसून राहिला. ससा कापला की पहिलं काळीज कुत्र्याचं, हा आमच्यात आज्यापासूनचा रिवाज.

“आता कशाची वाट बघतंय हे?” वनरक्षकानं विचारलं.

लाखा माझ्या उजव्या खिशाकडं टक लावून बघत होता. मग वनरक्षकही तिकडंच बघू लागला.

चाकू मी तिथंच ठेवतो.