तिसऱ्या भिंतीवरची संध्याकाळ

"पुन्हा सावली तुटली!" मी माऊस आपटला. प्रदर्शनाच्या चार भिंतींवर मिळून प्रोजेक्टरने एकच सलग वड दाखवायचा होता. प्रत्येक भिंतीला वेगळा कॉम्प्युटर. कॉम्प्युटर सावली जवळची, मधली, लांबची अशा तुकड्यांत काढतो; ते तुकडे दहादा जुळवले, तरी तिसऱ्या भिंतीवर ती भलतीकडेच पडत होती. उद्या उद्घाटन होतं.

"तुझ्याच कोडमध्ये घोळ आहे," मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हृषीकेशवर खेकसले. तो जेवणाचा डबा उचलून बाहेर गेला.

कठडा ठोकणारे सुतारकाका थबकले. "मॅडम, तीन भिंतींवर दुपार आणि इथंच संध्याकाळ कशी?"

मी तिसऱ्या कॉम्प्युटरची फाइल उघडली. चित्रातला सूर्य खरंच मावळतीला ठेवलेला होता. शेजारी महिन्यापूर्वीची टीप होती: 'चाचणीपुरतं. उद्या बदलणे.' खाली माझं नाव.

बाहेर हृषीकेश न उघडलेला डबा मांडीवर घेऊन बसला होता.