मोगऱ्याचा शौक

निजामाच्या अमलातल्या नांदेडात चैत्र तापला, गल्लीतल्या आडांचं पाणी तळाला गेलं, तरी तहसील कचेरीतल्या श्रीपादरावांच्या परसातला मोगरा डवरलेलाच. रोज संध्याकाळी ते आरामखुर्ची टाकून कळ्या मोजत बसायचे. तोवर त्यांची बायको प्रमोदिनी आडातून विसावी घागर शेंदत असायची.

एकदा तहसीलदारसाहेब घरी चहाला आले आणि मोगऱ्यापाशीच थबकले.

"वा श्रीपादराव! माळी कुठून आणलात?"

"माळी कशाला, हुजूर? पाणी शेंदण्यापासून सगळं मीच करतो. शौक आहे आपला."

दाराआड कपबशी जरा जोरात वाजली.

साहेब खूश झाले. "बहोत खूब! आमचा माळी गावाकडं गेलाय, बगीचा वाळून चाललाय. जुम्म्याची सुट्टीच असते तुम्हाला. सकाळी बंगल्यावर या, आमच्या झाडांनाही तुमचा हात लागू द्या."

शुक्रवारी उजाडताच बंगल्यावर गेलेले श्रीपादराव अर्ध्या तासात घरी परतले. चुलीपाशी येऊन हळूच म्हणाले,



"ऐकतेस का... साहेबांच्या दोन घागरी आडात गेल्या. तू दोरीचा फास कसा घालतेस गं?"